रेसकोर्सच्या ट्रॅकची निगा: अख्ख्या ट्रॅकसाठी एकच आकडा पुरतो का?

अश्वप्रेमी_कॅम्प

पुण्याचा सीझन सुरू झाला की पेपरातल्या रेसच्या पानावर एक ओळ दिसते: फॉल्स रेल अमुक मीटर रुंद, अमुक अंतरापासून विनिंग पोस्टपर्यंत, म्हणजे शर्यत संपते त्या खांबापर्यंत. बहुतेक जण ती ओलांडून थेट घोड्यांच्या नावांवर जातात. मला ती ओळ फार महत्त्वाची वाटते, कारण त्या दिवशी घोडे कशावर पळणार आहेत याबद्दल त्या पानावर जवळपास तेवढंच लिहिलेलं असतं.

ज्यांनी रेस पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. वळणावर आतल्या रेलिंगला चिकटून पळालं तर अंतर कमी पडतं, म्हणून प्रत्येक जॉकी आत घुसायला बघतो. परिणामी आतल्या चार-पाच मीटरच्या पट्ट्यातलं गवत सगळ्यात आधी उखडतं. त्या पट्ट्याला विश्रांती मिळावी म्हणून तात्पुरतं रेलिंग बाहेर सरकवून लावतात, त्यालाच फॉल्स रेल म्हणतात. रेल आज सात मीटरवर असेल तर त्याचा अर्थ आतले सात मीटर बरे होण्यासाठी राखून ठेवलेत.

आता घोड्याच्या बाजूने बघा. थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा घोडा, साधारण साडेचारशे ते पाचशे किलोचा. तो ताशी साठ किलोमीटरच्या वेगात असतो तेव्हा चौखूर धावेच्या एका टप्प्यावर सगळा भार एकाच पुढच्या पायावर येतो, आणि तो भार त्याच्या वजनाच्या दुप्पट-अडीचपट होतो. खुराच्या वरचा सांधा, ज्याला फेटलॉक म्हणतात, तो इतका वाकतो की जवळजवळ जमिनीला टेकतो. टीव्हीवर स्लो मोशनमध्ये नीट पाहिलं तर अंगावर काटा येतो. त्या क्षणी जमिनीने आधी थोडं दबलं पाहिजे, मग खुराला घट्ट धरलं पाहिजे आणि पाय उचलताना सोडून दिलं पाहिजे. कडक जमिनीचा धक्का थेट हाडात जातो. जमीन घसरती असेल तर शिरा आणि स्नायूबंध ताणले जातात. पण सगळ्यात घातक असतो अचानक होणारा बदल. घोडा कडक जमिनीवर आपली ढांग जमवून घेतो, मऊ जमिनीवरही जमवून घेतो. दोन ढांगांत एक कडक आणि एक मऊ आली तर जमवून घ्यायला त्याला वेळच मिळत नाही.

माझा मुद्दा इथून सुरू होतो. जमिनीचा कडकपणा मोजायला पेनेट्रोमीटर वापरतात. एक चौरस सेंटीमीटर जाडीची सळई, तिच्यावर एक किलोचं वजन एक मीटर उंचीवरून तीनदा सोडायचं आणि सळई किती आत गेली ते बघायचं. ही मूळची फ्रान्सची पद्धत, आपल्याकडच्या टर्फ क्लबांतही ती रुळली आहे. ठिकठिकाणी मोजून सरासरी काढली जाते आणि लोकांसमोर येते ती सरासरी. आता समजा अर्धा ट्रॅक कडक आहे आणि अर्धा मऊ. सरासरी अगदी छान निघेल. ज्या ट्रॅकवर घोड्याला सगळ्यात जास्त धोका आहे त्याचाच आकडा सगळ्यात निर्धास्त दिसेल.

आपल्या दोन्ही रेसकोर्सचे प्रश्नही वेगळे आहेत. मुंबईतल्या महालक्ष्मीचं रेसकोर्स १८८३ सालचं, मेलबर्नच्या कॉलफिल्ड रेसकोर्सच्या धर्तीवर बांधलेलं. तिथला सीझन साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. म्हणजे पावसाळाभर गवताला आराम आणि सीझनभर कोरडी हवा, त्यामुळे तिथे सगळा खेळ पाणी देण्याचा. पुण्याचं रेसकोर्स १८३० चं, लष्कराच्या जमिनीवर, आणि सीझन ऐन पावसात. जुलैमध्ये शर्यती सुरू होतात तेव्हा वरून धार लागलेली असते आणि ऑक्टोबरात ऊन तापायला लागतं. एकाच सीझनमध्ये चिखल आणि भेगा दोन्ही सांभाळायचे. उखडलेलं गवत भरून येण्याआधी पुढची शर्यत आलेली असते. पुण्याच्या ट्रॅकवर काम करणाऱ्या माणसांचं मला मनापासून कौतुक वाटतं, इतकं ते अवघड आहे.

जपानच्या रेसिंग असोसिएशनने २०२० च्या सप्टेंबरपासून ‘कुशन व्हॅल्यू’ नावाचा आकडा जाहीर करायला सुरुवात केली, टर्फ, म्हणजे गवताचा ट्रॅक, किती लवचीक आहे ते सांगणारा. त्याच्या जोडीला जमिनीतल्या ओलाव्याची टक्केवारीही देतात, आणि तीसुद्धा दोन जागची: विनिंग पोस्टजवळची वेगळी, चौथ्या वळणावरची वेगळी. इंग्लंडमध्ये गोइंगस्टिक वापरतात. ती जमिनीत खुपसताना लागणारा जोर मोजते आणि मग मागे झुकवताना मुळांची पकडही मोजते.

आपल्याकडेही ट्रॅकचे टप्पे पाडून आकडे जाहीर व्हावेत असं मला वाटतं. पैसे लावणाऱ्या पंटर लोकांना त्याचा उपयोग होईलच, पण मला जॉकी, ट्रेनर आणि घोडा महत्त्वाचे. इथे शेतीतले, बांधकामातले, घोड्यांतले जाणकार आहेत. तुमचं काय मत?

हिरवळ

कृषी पदवीधर आहे, बरीच वर्षं गोल्फ कोर्स आणि क्रीडांगणांच्या लॉनवर काम केलंय. घोड्यांच्या ट्रॅकवर थोडंच, पण गवताचे नियम सगळीकडे सारखेच.

अश्वप्रेमी, तुम्ही वरून सळई टाकून मोजायचं म्हणताय ते ठीक. मी मात्र आधी सुरी घेऊन एक चौकोनी ढेकूळ कापून बघेन. वितभर खोल. पहिलं बघायचं ते मुळं कुठपर्यंत उतरलीत. हरळीसारख्या गवताची मुळं चांगल्या जमिनीत सहज खोल जातात. ती दोन इंचांवर थांबून आडवी पसरलेली दिसली तर खाली माती दाबून घट्ट झाली आहे हे नक्की. असं गवत वरून हिरवंगार दिसतं, पण खुराची टाच बसली की गालिच्यासारखं उचकटून येतं. दुसरं, ढेकळाचा वास घ्यायचा. निरोगी मातीला पहिल्या पावसानंतरचा वास असतो. वाळूच्या थराखाली पाणी अडून राहिलं असेल तर काळी रेघ दिसते आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. तिथे हवा पोचलेली नाही, मुळं गुदमरतायत.

घट्ट झालेल्या जमिनीवर उपाय म्हणजे भोकं पाडणं. लांब सळयांचं यंत्र मिळतं, सळई आत गेल्यावर थोडी हलवून माती सैल करते. मग त्या भोकांत धुतलेली वाळू भरायची. हे दर सीझनआधी आणि सीझननंतर व्हायलाच हवं. आणि रोलर जपून! उखडलेला ट्रॅक रोलर फिरवून सपाट करण्याचा मोह सगळ्यांना होतो. वरून छान दिसतो आणि खालून आणखी आवळला जातो.

शर्यत संपल्यावर खुरांचे खड्डे भरायचं काम हातानेच करावं लागतं. कडेची माती काट्याने उचलून आत दाबायची, मग माती, वाळू आणि बी यांचं मिश्रण घालून पायाने बसवायचं. ओळीने माणसं उभी करून अख्खा ट्रॅक असा चालत पार करावा लागतो. ज्या रेसकोर्सवर या कामाला माणसं कमी पडतात तिथलं गवत किती महागाचं आहे याला अर्थ उरत नाही.

साधासरळ

एवढी चर्चा कशासाठी? जुगारच आहे ना हा? शर्यती बंद करा, घोड्यांचे पाय आपोआप वाचतील.

लगाम

@साधासरळ, दादा, तुमचा राग समजतो, पण ज्या दिवशी बंद होईल त्या दिवशीचं त्या दिवशी. आज सकाळी साडेपाचला तिथे पोरं घोड्यावर बसली होती, उद्याही बसणार आहेत. त्यांच्या पायाखालची जमीन नीट असावी की नाही?

मी रायडिंग बॉय होतो, सकाळच्या सरावात घोड्यावर बसणारा. माझे वडील सईस, म्हणजे घोड्याची निगा राखणारे, त्यांचेही वडील सईस. आमच्या वस्तीत पांडू खाडे आणि शामू चव्हाण या जॉकींची नावं आदराने घेतली जातात. आपली मराठी माणसं या खेळात सगळ्यात वरपर्यंत गेली, आणि आमच्यासारखी हजारो माणसं सकाळच्या कामात राबली.

शर्यत तुम्हाला दिसते ती गवतावरची. पण घोड्याचा बहुतेक काळ जातो वाळूवर. सकाळचं काम आउटर सॅन्ड, इनर सॅन्ड या वाळूच्या ट्रॅकवर असतं, गवताचा ट्रॅक क्वचित उघडतात. त्यामुळे पायाची दुखणी पुष्कळदा वाळूवर सुरू होतात आणि गवतावर फुटतात. धाग्यात नुसती गवताची चर्चा नको म्हणून हे लिहितोय.

वाळूचं गणित असं: वर मऊ थर, खाली दाबलेला पाया. वरचा थर सगळीकडे सारख्या जाडीचा पाहिजे. सरावाला निघालेल्या घोड्यांची पहिली तुकडी गेली की वाळू खुरांनी बाजूला फेकली जाते. दुसरी-तिसरी गेली की रेलिंगजवळ पाया उघडा पडायला लागतो. मध्ये दाताळं फिरवून वाळू परत ओढली नाही तर शेवटच्या तुकडीतला घोडा पळतो त्या उघड्या पायावरून. मोठा पाऊस झाला तर पाणी वाळू वाहून नेतं, वळणावरची उताराकडे सरकते. वरून ट्रॅक एकसारखा पिवळा दिसतो, पण कुठे वितभर वाळू, कुठे दोन बोटं.

हे बसणाऱ्याला कळतं. आवाज बदलतो. चांगल्या वाळूवर खुराचा आवाज दबका येतो, पाया लागला की टणक. घोडा कान मागे घेतो, ढांग आखडतो. एका रेसकोर्सवर (नाव घेत नाही) वळणाच्या तोंडाशी असाच एक टणक पट्टा होता. आम्ही पोरं एकमेकांना सांगायचो की तिथून चार हात बाहेरून काढ. वर कुणाला सांगायची सोय नव्हती. रायडिंग बॉयचं कोण ऐकतो? माझ्या बरोबरीचा एक मुलगा तिथेच पडला, घोडीचा पुढचा पाय मोडला. घोडी गेली. पोराची खुब्याची दोन ऑपरेशनं झाली, आज तो रिक्षा चालवतो. त्यानंतर आठवडाभरात पट्टा उकरून दुरुस्त झाला. पट्टा कुठे आहे ते आम्हाला सगळ्यांना आधीपासून माहीत होतं, हे मला अजून सलतं.

अश्वप्रेमी_कॅम्प

लगामभाऊ, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. मूळ धाग्यात मी फक्त यंत्रांचं लिहिलं. रोज बसणाऱ्यांची तक्रार नोंदवायची सोय हा माझ्या मागणीतला पहिला मुद्दा व्हायला हवा.

केंटकीकर

लेक्झिंग्टनजवळ राहतो, घोड्यांच्या दवाखान्यात नोकरी. अमेरिकेत या विषयावर गेल्या काही वर्षांत मोठी उलथापालथ झाली, म्हणून सविस्तर लिहितो.

२०१८ च्या डिसेंबरअखेर कॅलिफोर्नियात सॅन्टा अनिटा रेसकोर्सचा सीझन सुरू झाला. जून २०१९ मध्ये तो संपेपर्यंत शर्यती आणि सराव मिळून ३० घोडे मेले. त्या हिवाळ्यात तिथे नेहमीपेक्षा खूप जास्त पाऊस झाला होता. तिथला मुख्य ट्रॅक मातीचा. पाऊस येणार असला की रोलरने तो दाबून घट्ट करतात म्हणजे पाणी वरून वाहून जातं, आणि पाऊस गेला की परत उकरतात. हे दाबणं-उकरणं वारंवार करावं लागलं. मार्चमध्ये ट्रॅक बंद ठेवला, निवृत्त झालेल्या ट्रॅक प्रमुखांना परत बोलावलं, जमिनीत रडार सोडून खालचे थर तपासले. पुढे चौकशीत असंही दिसलं की मेलेल्या बहुतेक घोड्यांच्या सांध्यांत आधीपासून दुखणं होतं आणि शर्यतींची संख्या कमी होऊ नये असा दबाव होता. म्हणजे एकट्या ट्रॅकवर खापर फोडता येत नाही. पण आधीच दुखऱ्या पायाला खराब जमीन मिळाली तर काय होणार ते उघड आहे.

त्याआधी कॅलिफोर्नियाने दुसरा प्रयोग करून पाहिला होता. २००६ मध्ये मोठ्या रेसकोर्सना कृत्रिम ट्रॅकची सक्ती झाली. मेण लावलेली वाळू, कृत्रिम धागे, रबराचे तुकडे असं मिश्रण. सॅन्टा अनिटात ते बसवलं, पण निचऱ्याने दगा दिला, पावसात शर्यती रद्द झाल्या आणि २०१० च्या अखेरीस परत माती आली. डेल मार आणि आमच्या इथलं कीनलँडही पुढे मातीवर परतले. आश्चर्य म्हणजे देशभरची आकडेवारी कृत्रिम ट्रॅकच्याच बाजूने आहे. इथे २००९ पासून जखमांची राष्ट्रीय नोंद ठेवतात. माती, गवत आणि कृत्रिम या तिघांत प्राणघातक जखमांचं प्रमाण कृत्रिम ट्रॅकवर सगळ्यात कमी राहिलं आहे.

त्या नोंदीतला दुसरा आकडा आपल्या कामाचा. २००९ मध्ये दर हजार धावांमागे दोन घोडे दगावत होते. २०२२ मध्ये ते प्रमाण १.२५ वर आलं. जी गोष्ट मोजून सगळ्यांसमोर मांडली ती सुधारली. २०२२ च्या जुलैपासून तर ट्रॅकची तपासणी देशपातळीवरच्या कायद्याखाली आली आहे.

हिरवळ यांच्या मुळांच्या मुद्द्याला माझं अनुमोदन. इथल्याच चर्चिल डाउन्स रेसकोर्सने एक कोटी डॉलर खर्चून नवा गवताचा ट्रॅक केला, २०२२ च्या मे महिन्यात तो वापरात आला आणि जूनमध्ये त्यावरच्या शर्यती थांबवाव्या लागल्या. गवत पुरतं रुजलेलंच नव्हतं. पैसा होता, तज्ज्ञ होते, गवताला द्यायला वेळ नव्हता.

वरळीची

मी महालक्ष्मीला सकाळी चालायला जाते, सासूबाईही जायच्या. आमच्यासारख्या चालणाऱ्यांना रेसकोर्स म्हणजे दक्षिण मुंबईत मोकळा श्वास घ्यायची जागा. आता २११ एकरांपैकी १२० एकर महापालिकेकडे सेंट्रल पार्कसाठी आणि ९१ एकर क्लबकडे, असा निर्णय २०२४ मध्ये झाला. मला पार्क हवं आहे, अगदी मनापासून. पण हा धागा वाचून शंका आली. ट्रॅकच्या मधोमध पार्क, शिवाय जमिनीखाली पार्किंगची योजना वाचली होती. याचा ट्रॅकवर परिणाम होईल का? आणि चालणाऱ्यांमुळे ट्रॅक खराब होतो का? होत असेल तर सांगा, आम्ही बाजूने चालू.

स्थापत्यवाला

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: होऊ शकतो, आणि त्याचा विचार आराखड्याच्या पहिल्या दिवसापासून व्हायला हवा.

महालक्ष्मीचा सगळा भाग मुळात सखल. समुद्र हाकेच्या अंतरावर. मुंबईत पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि भरती असली की गटारांतलं पाणी समुद्रात जायलाच तयार नसतं. अशा जागी जमिनीखालच्या पाण्याची पातळी वरच असते. ट्रॅकचा निचरा म्हणजे काय, तर वरच्या थरातून पाणी खाली झिरपलं पाहिजे, खडीच्या चरात उतरलं पाहिजे, तिथून भोकं असलेल्या पाइपातून बाहेर गेलं पाहिजे. आता शेजारी मोठा खड्डा खणून काँक्रीटची पेटी बसवली तर दोन गोष्टी होतात. खणताना पाणी उपसावं लागतं, त्याने आजूबाजूची जमीन कोरडी होऊन खचते. आणि पेटी बसल्यावर जमिनीखालून वाहणाऱ्या पाण्याची वाट अडते, ते एका बाजूला तुंबतं. मग ट्रॅकचा एक भाग कायम ओला, दुसरा कोरडा. अश्वप्रेमींनी ज्या असमानतेची भीती सांगितली तीच. यावर इलाज आहेत. पेटीभोवती निचऱ्याचे चर काढता येतात. पाण्याची पातळी मोजायला ठिकठिकाणी नळ्या पुरून काम सुरू व्हायच्या आधीपासून वर्षभर नोंदी घेता येतात. त्या आधीच्या नोंदी नसतील तर नंतर कुणालाच काही सिद्ध करता येणार नाही, म्हणून नळ्या आत्ताच पुरायला हव्यात.

पुण्याचं वेगळं. तिकडे बऱ्याच भागात वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. ट्रॅकवर वरून कितीही चांगली माती घाला, तळाशी काळी माती राहिली असेल तर ती वर्षातून दोनदा हलणार. पाटाच्या पाण्यावर शेती केलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला हे माहीत आहे.

पाणी कुणालाच सोडत नाही. इंग्लंडमधल्या यॉर्कची ऑगस्ट २००८ मधली एबॉर मीटिंग, म्हणजे काही दिवसांच्या शर्यतींचा मेळा, पाण्यामुळे अख्खी रद्द झाली. तिथली सगळ्यात मोठी शर्यत उचलून न्यूमार्केटच्या रेसकोर्सवर न्यावी लागली. यॉर्क म्हणजे इंग्लंडमधल्या नामांकित रेसकोर्सपैकी एक.

लगाम

वरळीच्या ताई, चालणाऱ्यांनी वाळूला फारसं काही होत नाही, दाताळं फिरलं की झालं. गवतावर मात्र पावसानंतर कुणीच जाऊ नये. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गाड्या. कार्यक्रमाचं सामान घेऊन मधल्या मैदानात जायला ट्रक ट्रॅक ओलांडतात. जिथून ओलांडतात तिथे जाड पट्ट्या टाकतात, तरी खालची माती आवळली जातेच. आमच्या भाषेत ‘क्रॉसिंग आलं’ म्हटलं की पोरं लगाम सावरायची.

हाँगकाँगवासी

इकडे शा टिन रेसकोर्सला फॉल्स रेलची कल्पना पुढच्या पायरीवर नेली आहे. रेल कुठे लागणार याची ठरलेली ठिकाणं आहेत, त्यांना ए, ए+३, बी, बी+२, सी, सी+३ अशी नावं. कुठल्या दिवशी कुठली, ते आधीच जाहीर होतं. म्हणजे कुठला पट्टा किती वापरला गेला याचा हिशेब आपोआप राहतो. गवताखाली वाळू आणि त्यात प्लास्टिकच्या जाळीचे छोटे तुकडे मिसळलेले, मुळं त्यात गुंफून घट्ट होतात. वादळी पावसानंतर काही तासांत शर्यती होताना मी स्वतः पाहिल्या आहेत. इथे सीझन सप्टेंबर ते जुलै, गवताला आराम फार थोडा, तरी टिकतं.

खर्च अफाट आहे हेही खरं. पण रेलची ठिकाणं ठरवून जाहीर करायला काय खर्च येतो?

साधासरळ

लगामदादा, तुमचा प्रतिसाद वाचला. शर्यतींबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. पण त्या मुलाचं वाचून वाईट वाटलं. एक प्रश्न: जॉकी नकार देऊ शकत नाहीत का? ट्रॅक धोक्याचा आहे, आम्ही बसणार नाही, असं?

लगाम

जॉकी म्हणू शकतात. मोठे जॉकी स्टुअर्डना, म्हणजे शर्यतीवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना, जाऊन सांगतात, पाहणी होते, शर्यत थांबतेसुद्धा. एखादा घोडा वळणावर घसरला की उरलेल्या शर्यती रद्द, असं जगभर होतं. पण ते घोडा घसरल्यानंतर. आणि नवा अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ जॉकी, बोलत नाही. आज बोलला तर उद्या ट्रेनर घोडा देईल का, ही भीती त्याच्या मनात असते. सकाळच्या कामावरचा पोरगा तर मुळीच बोलत नाही.

म्हणून आकडा पाहिजे. फळ्यावर लिहिलेलं असेल की ८०० मीटरच्या खुणेजवळ जमीन कडक आहे, तर पोराला धीर गोळा करून कुणाला सांगायला जायची गरज नाही. ते लिहिलेलंच आहे.

अश्वप्रेमी_कॅम्प

साधासरळ, तुम्ही परत येऊन विचारलंत ते आवडलं. शर्यतींना विरोध असणाऱ्यांनाही ही मागणी करता येईल. किंबहुना जखमांची नोंद आणि जमिनीची नोंद दोन्ही जाहीर झाल्या तर तुमच्या बाजूलाही भक्कम आधार मिळेल, आणि तो मिळाला तर मी तक्रार करणार नाही. घोडा वाचला पाहिजे.

हिरवळ, आता थेट तुम्हाला विचारतो. इंडियन डर्बी महालक्ष्मीला २४०० मीटरची असते. तेवढ्या अंतराचा जमिनीचा नकाशा शर्यतीच्या दिवशी सकाळी काढायचा तर किती माणसं, किती वेळ, काय साधनं? मला क्लबांना पत्र लिहायचं आहे आणि त्यात ‘अशक्य आहे’ असं उत्तर येणार नाही इतकं नेमकं लिहायचं आहे.

हिरवळ

दर २०० मीटरला एक थांबा धरा. २४०० मीटरला बारा थांबे. प्रत्येक थांब्यावर तीन जागा: रेलिंगपासून दोन मीटरवर, मध्ये आणि बाहेरच्या बाजूला. झाल्या छत्तीस जागा. प्रत्येक जागी पेनेट्रोमीटर तीनदा आणि ओलाव्याच्या मीटरची सुई एकदा. एका जागेला चार मिनिटं धरली तरी छत्तीस जागांना दोन-अडीच तास. दोन माणसांच्या दोन जोड्या लावल्या तर सव्वा तासात काम उरकतं. साधनांपैकी पेनेट्रोमीटर आहेच. ओलाव्याचं मीटर चांगल्या गोल्फ कोर्सवर असतं तेच चालेल.

पत्रात दोन गोष्टी जरूर घाला. एक, सरासरीच्या शेजारी सगळ्यात कडक आणि सगळ्यात मऊ जागेचा आकडा छापायचा. या दोघांमधलं अंतर वाढलं की ट्रॅक बिघडतोय हे शाळकरी मुलालाही समजेल. दोन, पाणी देण्याची नोंद: कधी, कुठे, किती. महालक्ष्मीला जानेवारी-फेब्रुवारीत पाणी हाच सगळा प्रश्न आहे. वाऱ्यात फवारा एका बाजूला झुकतो, तिकडचा पट्टा भिजतो आणि दुसरा कोरडा राहतो. पाणी शक्यतो आदल्या रात्री द्यावं, शर्यतीच्या सकाळी वरवर शिंपडू नये. वरचा अर्धा इंच निसरडा आणि खाली टणक, याहून वाईट जमीन नाही.

वाळूच्या ट्रॅकसाठी तर एक खुणा केलेली सळई बास. पाया लागेपर्यंत टोचायची, किती बोटं वाळू आहे ते लिहायचं. हे रोज पहाटे तुकड्या बाहेर पडायच्या आधी अर्ध्या तासात होतं.

लगाम

वाळूचं काम पहिल्या तुकडीआधी एकदा आणि मधल्या सुट्टीत परत एकदा, असं लिहा. सकाळी सगळं ठीक असतं, बिघडतं ते सात-साडेसातला. आणि आकडे ऑफिसच्या बोर्डावर नकोत. ट्रॅकवर जायच्या वाटेवर, घोड्यावर बसलेल्या माणसाला दिसेल एवढ्या उंचीवर, मराठी-हिंदीत. आमच्यातल्या बऱ्याच जणांना इंग्रजी वाचता येत नाही.

स्थापत्यवाला

पुण्यासाठी थांबे ठरवताना पाऊस पडून गेल्यावर तासाभराने एकदा ट्रॅकभर चालून या. पाणी कुठे साचतं त्या जागा खुणेने दाखवा आणि २०० मीटरच्या हिशेबात बसत नसल्या तरी त्या यादीत घाला. क्रॉसिंगही घाला. महालक्ष्मीसाठी भूजलाच्या नळ्यांचा मुद्दा वेगळ्या पत्रात महापालिकेला लिहू, मसुदा मी करतो. वरळीच्या ताई, चालायला येणाऱ्यांच्या सह्या मिळतील का?

वरळीची

मिळतील. मसुदा मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही द्या, आमच्या ग्रुपमध्ये सगळ्या प्रकारचे लोक आहेत. रविवारी सकाळी गर्दी असते, तेव्हा गेटजवळ उभी राहीन.